घ्या, दाजी

लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं जोडीने काम करतात. एक जण इमारतीच्या डोक्यावर, मशीनच्या खोलीत, बटणांच्या पेटीपाशी. दुसरा खाली शाफ्टमध्ये, म्हणजे ज्या उभ्या अंधाऱ्या पोकळीतून लिफ्ट वर-खाली करते तिथे, लिफ्टच्या टपावर नाहीतर तळच्या खड्ड्यात. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही. मशीनच्या खोलीच्या फरशीला दोर जायला भोकं असतात, आवाज काय तो तिथून येतो-जातो. म्हणून वरच्याने आधी ओरडून विचारायचं, "घेऊ?" आणि खालून "घ्या" आल्याशिवाय हात बटणाला लावायचा नाही. एवढ्याशा त्या शब्दावर एका माणसाचा जीव असतो.

मिस्त्रींनी या कामात अठ्ठावीस वर्षं काढली. त्यातली सतरा वर्षं त्यांचा जोडीदार होता त्यांचाच मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. शेंडेफळ म्हणून घरात नाव पडलं बारक्या, आणि पुढे हा गडी एवढा वाढला की दारातून जाताना मान वाकवायचा. नाव मात्र बारक्याच राहिलं. मिस्त्री ठेंगणे, गोलमटोल, तोंडाने फटकळ. बारक्या सडसडीत आणि कायम मिठाची गुळणी धरून बसलेला. कंपनीत सगळे त्यांना आवळ्याभोपळ्याची मोट म्हणायचे, पण एखादी लिफ्ट हट्टाला पेटली की साहेब ती याच मोटेच्या गळ्यात मारायचे.

आता खरं सांगायचं तर नियम त्या हाकेवर थांबत नाही. खालच्या माणसाने आपल्या हाताशी असलेलं लाल बटण दाबून ठेवायचं असतं, म्हणजे वरच्याचा हात चुकला तरी लिफ्ट जागची हलत नाही. या दोघांनी ते कधीच सोडून दिलं होतं. घरचा माणूस खाली, घरचा माणूस वर, मध्ये बटण कशाला? मिस्त्री ओरडायचे, "घेऊ?" खालून यायचं, "घ्या, दाजी." आणि दाजी घ्यायचे. सतरा वर्षांत एकदाही घोटाळा झाला नाही. घोटाळा झाला नाही म्हणजे रीत बरोबर होती असं नव्हे, पण हे माणसाला फार उशिरा कळतं.

मग एका मंगळवारी बारक्या कामावर आला नाही. फोन उचलेना, म्हणून मिस्त्री त्याच्या खोलीवर गेले. दार आतून बंद होतं. दार उघडल्यावर काय दिसलं ते मी सांगणार नाही, तुम्ही विचारू नका. बारक्याने स्वतःला संपवलं होतं. वय एकेचाळीस, संसार नाही, व्यसन नाही, कोणाशी भांडण नाही. लोक कारण शोधत बसले. कोणी म्हणालं प्रेमभंग, कोणी म्हणालं एकटेपणा. लोकांना कारण हातात पडल्याशिवाय घास जात नाही.

मिस्त्री त्या सगळ्या गर्दीत भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. ती दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वीची दुपार. दोघं लिफ्टच्या टपावर बसून रुळांना ग्रीस लावत होते, सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी. बारक्या फडकं पिळत, खाली बघत म्हणाला, "दाजी, सकाळी उठावंसंच वाटत नाही. कशातच काही राहिलं नाही. संपलेलं बरं, असं येतं मनात." मिस्त्रींचा ग्रीसचा हात थांबला. पण ते फटकळ माणूस, अवघड काही आलं की विनोद करणारे. म्हणाले, "लग्न कर, म्हणजे उठवायला कोणीतरी येईल." बारक्या हसला. हसला, म्हणून मिस्त्रींना वाटलं, झालं, मिटलं. मग बारक्या म्हणाला, "ताईला सांगू नका हां. उगाच घोर लावून घेईल." मिस्त्री म्हणाले, "नाही सांगत."

आणि नाही सांगितलं. तीन आठवडे बायकोला ताकास तूर लागू दिली नाही. उलट दिलेला शब्द पाळतोय याचं त्यांना आतून बरंच वाटत होतं.

बारक्या गेल्यावर तर ते तोंड आणखीच बंद झालं. सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? बायको एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची, दिवसभर लोकांची दुखणी लिहून घ्यायची आणि घरी येऊन नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायची. भाऊ तिचा गेला होता, पण जेवण या माणसाचं तुटलं होतं. ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची, "यांनी त्याला पोटच्या पोरासारखं जपलं. माझ्यापेक्षा यांनाच जास्त लागलंय." मिस्त्री ऐकायचे आणि उठून न्हाणीघरात जायचे. नळ सोडून उभे राहायचे. त्या बाईची माया त्यांना शिव्यांपेक्षा जड जात होती.

असं दीड वर्ष गेलं. लोक म्हणतात काळ हे औषध आहे. असेल बापडं. मिस्त्रींना त्याचा गुण आला नाही. सकाळी पलंगाच्या कडेला बसले की एका पायात मोजा चढवायचा आणि दुसरा हातात धरून अर्धा तास बसून राहायचं. अंगात ताप नाही, दुखत काही नाही, पण हात उचलावासा वाटत नाही. चव गेली, शीळ घालायची सवय गेली, पट्ट्याला आणखी दोन भोकं पाडावी लागली. कोणी काही विचारलं की "चाललंय" म्हणायचे. पूर्वी शेजाऱ्याशी पाण्याच्या टाकीवरून भांडायचे, तेही बंद झालं. शेजारीच एकदा काळजीने विचारून गेला, म्हणजे बघा.

आणि आवाज. तो बारक्या गेल्यावर तिसऱ्या महिन्यात सुरू झाला. मशीनच्या खोलीत एकटे असताना, फरशीच्या भोकांतून, दोरांच्या बाजूने वर. "घ्या, दाजी." पहिल्यांदा आला तेव्हा मिस्त्रींच्या हातातला पाना गळून पडला. भोकापाशी गुडघ्यावर बसून त्यांनी खाली बघितलं. अंधार, दोर, आणि खूप खाली कुठेतरी एका मजल्याच्या दाराच्या फटीतून आलेला उजेड. पुन्हा काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते त्याच खोलीत गरज नसताना जाऊन बसले.

हे नीट ऐका, कारण घोडं इथेच अडलं होतं. मिस्त्रींना त्या आवाजाची भीती वाटायची आणि तो आला नाही तर दिवस वाया गेल्यासारखंही वाटायचं. जगात त्यांना दाजी म्हणणारा एकच माणूस होता. तो गेला, आणि तरी हाक येत होती. अशी हाक कोण घालवून देईल? एकदा तर एका मजल्यावर दार उघडं ठेवून ते शाफ्टच्या कडेला उभे होते. काम संपलं होतं, दार लावायचं होतं, आणि ते लावत नव्हते. किती वेळ ते त्यांना आठवत नाही. त्या मजल्यावरच्या कचेरीतला शिपाई म्हणाला, "मिस्त्री, चालू झाली का?" तेव्हा त्यांनी दार लावलं. त्या दिवशी ते घरी चालत गेले, बसमध्ये कोणी ओळखीचं भेटायला नको म्हणून.

बारक्याच्या जागी वर्षभर कोणी ना कोणी बदलीवर येत होता, मग कंपनीने एक कायमची नवी जोडीदार दिली. तिशीची, केस घट्ट बांधलेली, खिशात नियमांचं पुस्तक. दर गोष्टीला "हे असं का?" म्हणून विचारायची, म्हणून तिचं नाव पडलं मास्तरीण. खड्ड्यात उतरली की आधी लाल बटण दाबायची, मग खालून कळवायची, "दाबलंय, मिस्त्री." मिस्त्री वरून पुटपुटायचे, "अगं हो, कळलं, सनद मिळेल तुला." तिच्यावर त्यांचा राग नव्हता. ती त्या जागेवर उभी होती, एवढंच त्यांना सहन होत नव्हतं.

एका इमारतीत सकाळी अकराच्या सुमाराची गोष्ट. मास्तरीण खड्ड्यात, लिफ्ट पहिल्या मजल्यावर, मिस्त्री वर. मिस्त्रींनी हाक दिली, "घेऊ?" आणि भोकातून स्पष्ट, जवळून, जरा हसऱ्या सुरात आलं, "घ्या, दाजी." मिस्त्रींच्या अंगात ऊब आली. दीड वर्षात पहिल्यांदा. त्यांनी बटण दाबलं, खाली जाण्याचं.

लिफ्ट हलली नाही. पेटीत नुसतं टक् झालं. खालून मास्तरणीचा आवाज आला, पातळ, चिरका. "मिस्त्री, मी घ्या म्हटलंच नव्हतं."

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मिस्त्रींना त्या दिवशी कळलं. लाल बटण दाबलेलं नसतं तर लिफ्टचा तळ कुठे आला असता, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? अकरा मजल्यांचे जिने ते धावत उतरले. मास्तरीण खड्ड्यातून वर येऊन भिंतीपाशी बसली होती. ओठ पांढरे पडले होते. मिस्त्रींनी तिच्यासमोर हात जोडले, ते हात तिने खाली केले.

"मी साहेबांना सांगणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही रागावलात तरी सांगणार. तुम्हाला काय झालंय ते मला माहीत नाही, पण मी गप्प बसले आणि उद्या काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू?"

मिस्त्रींना तिचा राग यायला हवा होता. त्यांना रडू आलं. जे त्यांना सतरा वर्षांच्या जोडीदारासाठी जमलं नाही, ते ही सहा महिन्यांची ओळख असलेली पोरगी त्यांच्यासाठी बिनदिक्कत करत होती.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने मिस्त्रींना सुट्या भागांच्या कोठारात बसवलं आणि सांगितलं की समुपदेशक आणि डॉक्टर दोघांनी लिहून दिल्याशिवाय शाफ्टमध्ये पाय टाकायचा नाही. मिस्त्रींनी घरी फक्त "बदली झाली" एवढंच सांगितलं. बायकोने खिशात सापडलेल्या साहेबांच्या चिठ्ठीवरचा समुपदेशकाचा पत्ता वाचला आणि म्हणाली, "जा. मी सांगून थकले होते, बरं झालं त्यांनी सांगितलं." मिस्त्रींचा चुलतभाऊ म्हणाला, "वेड लागलंय का तुला, तसल्या ठिकाणी जायला?" त्यावर ती बाई आयुष्यात पहिल्यांदा सासरच्या माणसाला ताडकन बोलली, "पाय मोडला असता तर तुम्ही म्हणाला असतात का, घरीच बस म्हणून?"

समुपदेशक बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन खुर्च्या, एक टेबल, रुमालांचा डबा, खिडकीत एक मरगळलेलं झाड. मिस्त्री पहिल्या दिवशी बसले आणि म्हणाले, "तुमच्या लिफ्टच्या दाराचा रोलर झिजलाय. घासतंय. लोकांना सांगा, नाहीतर दार अडकेल." आणि पुढची वीस मिनिटं ते रोलरबद्दलच बोलले. बाईंनी ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का कधी? मरणाचे विचार येतात का?"

असं कोणी विचारतं का? भरदिवसा, खिडकी उघडी असताना, जेवलात का विचारावं तसं? मिस्त्री म्हणाले, "हे विचारू नये. विचारलं की डोक्यात भरतं." बाई म्हणाल्या, "नाही भरत. असेल तर हलकं होतं, नसेल तर माणूस नाही म्हणतो. एवढंच होतं." मिस्त्रींनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग त्यांनी त्या उघड्या दाराचं सांगितलं. कोणालाही न सांगितलेलं, एका अनोळखी बाईला. आवाजाचंही सांगितलं, आणि लगेच म्हणाले, "आता लिहा, येडा आहे म्हणून."

बाईंनी तसलं काही लिहिलं नाही. म्हणाल्या, जवळचं माणूस गेलं की पुष्कळांना त्याची हाक ऐकू येते, पण तुमच्या कामात ती जिवावर बेतू शकते, तेव्हा डॉक्टरांनाही दाखवायचं. त्याच बैठकीत एका कागदावर तीन ओळी लिहून घेतल्या: विचार अंगावर आला तर आधी कुठे जायचं, कोणाला फोन करायचा, कोणत्या जागांपासून चार हात लांब राहायचं. पहिल्या फोनपुढे मिस्त्रींनी बायकोचं नाव लिहिलं आणि खोडलं. बाईंनी खोडलेलं पाहिलं, दुसऱ्या फोनपुढे मास्तरणीचं नाव लिहून घेतलं आणि कागद त्यांच्या हातात दिला.

मग सुरू झालं. दर गुरुवारी दुपारी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बाईंनी काम दिलं. कामं अशी की मिस्त्रींना हसू यायचं. रोज एक गोष्ट करायची, करावीशी वाटत नसली तरी. दाढी. कोपऱ्यापर्यंत चालणं. आणि करण्याआधी मनावर किती ओझं होतं, केल्यावर किती, दहापैकी आकडा लिहायचा. मिस्त्रींनी वही आखली ती लिफ्टच्या देखभालीच्या कार्डासारखी, तारीख, काम, आधी, नंतर, शेरा. शेऱ्यात पहिले दोन आठवडे एकच शब्द: फालतू. तिसऱ्या आठवड्यात एका ओळीत लिहिलं होतं, आधी नऊ, नंतर आठ, शेरा: शेजाऱ्याशी भांडलो.

सगळंच काही सुरळीत नव्हतं. बाई त्यांना समजेल असं सांगायला म्हणून लिफ्टची उदाहरणं द्यायच्या आणि त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मिस्त्री वैतागायचे. "बाई, तुम्ही माणसांचं बोला, लिफ्टचं मला कळतं." बाई हसायच्या, सोडून द्यायच्या. एक गोष्ट मात्र सोडायच्या नाहीत. मिस्त्री म्हणायचे, "माझ्यामुळे गेला." त्या विचारायच्या, "तुम्हाला त्या दुपारी नेमकं काय माहीत होतं? आज माहीत आहे ते नव्हे. त्या दुपारी." मिस्त्री चिडून म्हणायचे, "तो म्हणाला ना सरळ!" "हो. आणि तुम्ही काय ऐकलंत?" यावर ते पुन्हा दाराच्या रोलरवर यायचे. कारण खरं उत्तर असं होतं की ऐकलं होतं, घाबरलो होतो, आणि घाबरलो म्हणून हसण्यावारी नेलं. हे तोंडातून बाहेर यायला दोन महिने लागले. बाहेर आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "घाबरणं हा गुन्हा नाही. चूक झाली असेल. चूक आणि खून यात फरक असतो."

कळत होतं, वळत नव्हतं. आणि जो आवाज त्यांना हवा होता त्याचं काय? एकदा त्यांनी विचारलं, "या गोळ्यांनी तो जाईल?" बाई म्हणाल्या, "कमी होईल बहुतेक." मिस्त्री म्हणाले, "मग माझं काय उरलं?" त्या दिवशी वेळ संपली तरी बाईंनी त्यांना उठवलं नाही.

अडीच महिन्यांनी बाईंनी तो विषय काढला. "त्या दुपारचं घरी कोणाला माहीत आहे?" मिस्त्री ताडकन उठले. "माझं घर मोडायचंय का तुम्हाला?" पुढचे दोन गुरुवार ते गेले नाहीत. कोठारात बसून बोल्ट मोजले. तिसऱ्या गुरुवारी बायकोने त्यांच्यासाठी जेवणाचा डबा भरला, झाकण लावता लावता म्हणाली, "त्याला शेवटी तुम्ही होतात याचंच समाधान आहे मला." मिस्त्री डबा तिथेच ठेवून थेट तिसऱ्या मजल्यावर गेले, जिन्याने, धापा टाकत.

"सांगितलं तर ती जाईल," ते म्हणाले. "नाही सांगितलं तर मी जाईन. मला दिसतंय ते."

बाईंनी सांगा म्हटलं नाही, नका सांगू म्हटलं नाही. म्हणाल्या, "सांगायचं ठरलं तर पहिलं वाक्य कोणतं असेल? इथे म्हणून बघा." मिस्त्री रिकाम्या भिंतीकडे बघून म्हणाले, "अगं, ऐक." एवढं म्हणून खिडकीतल्या झाडाला पाणी घालायला उठले. चार गुरुवार तेच एक वाक्य. चौथ्या गुरुवारी ते पूर्ण झालं.

रविवारी सकाळी बायको उशांचे अभ्रे बदलत होती. मिस्त्री दारात उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. लिफ्टचा टप, ग्रीस, फडकं, बारक्या काय म्हणाला, स्वतः काय म्हणाले, लग्नाचा तो विनोद, "ताईला सांगू नका". काही गाळलं नाही. बायकोच्या हातात उशी होती, अर्धी अभ्र्यात. ती तशीच धरून तिने सगळं ऐकलं. मग उशी पलंगावर ठेवली, पायांत चपला घातल्या आणि बाहेर गेली.

मिस्त्रींनी बाईंनी दिलेला तो तीन ओळींचा कागद काढून पहिल्या फोनच्या खोडलेल्या नावाकडे बघितलं आणि दुसऱ्या नंबरला, मास्तरणीला फोन लावला. तिला म्हणाले, "काही बोलायचं नाही, नुसती फोनवर थांब." ती तासभर थांबली. मध्येच नियमांच्या पुस्तकातलं एक पान वाचून दाखवलं, कारण तिला दुसरं काही सुचेना.

बायको संध्याकाळी परत आली. चार दिवस घरात कामापुरते शब्द होते. दूध. किल्ली. दिवा घालव. माहेरी गेली नाही, पण नवऱ्याकडे बघितलंही नाही. मिस्त्रींनी वहीत आकडे लिहिले, दहा, दहा, नऊ, दहा. गोळी घेतली. दाढी केली. आवाज आला नाही, किंवा त्यांनी कान दिला नाही.

पाचव्या दिवशी ती दवाखान्यातून आली, पर्स ठेवली आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. डोळे सुजलेले होते.

"तो काय म्हणाला ते पुन्हा सांगा. त्याच्याच शब्दांत."

त्यांनी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, "आणि हसला? कसा हसला?" मिस्त्रींनी तेही सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. मला ते येत नाहीये. त्या तीन आठवड्यांत तो दोनदा जेवायला आला होता इथे. मी त्याला वाढत होते आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो," मिस्त्री म्हणाले.

"मला ते तीन आठवडे हवे होते. मी काही करू शकले असते की नाही, कोण जाणे. कदाचित मीही लग्न कर म्हटलं असतं. पण ते माझे होते."

"हो."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. मग बायकोने आपले दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले आणि विचारलं.

"तुमच्याही मनात येतं का तसलं?"

मिस्त्रींच्या तोंडात "छे" आलं होतं, सवयीने. शिवाय एखादा विनोदही आला होता. दोन्ही त्यांनी गिळलं.

"येतं," ते म्हणाले. "पूर्वी रोज यायचं. आता कधी कधी. परवा आलं होतं."

तिचा चेहरा पडला. वाटलं, उठून जाईल. ती उठली नाही. खुर्ची आणखी पुढे ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

"परवा किती वाजता?" ती म्हणाली. "मी घरातच होते ना? कुठल्या खोलीत होतात तुम्ही? सगळं सांगा. हसायचं नाही, लपवायचं नाही. मला घोर लागू दे."